नाव माहीत आहे, पण सांगणार नाही

कुठला तरी प्रोग्राम हे उपकरण अजून वापरतो आहे. तो बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा. विंडोज हे वाक्य थोड्याफार फरकानं वर्षानुवर्षं आपल्या तोंडावर फेकत आलं आहे आणि आपण ते निमूट झेलत आलो आहोत. एक्सपीच्या काळात तर भाषा आणखी मासलेवाईक होती: ‘जेनेरिक व्हॉल्यूम’ आत्ता थांबवता येत नाही, नंतर प्रयत्न करा. नंतर म्हणजे कधी? समोर वर्ड बंद, एक्सेल बंद, फोल्डरची खिडकी बंद, पडद्यावर नुसता वॉलपेपर, आणि पेनड्राइव्ह तरीही कुणीतरी धरून बसलेलं. कोण, ते विचारायचं नाही. माझा राग धरून बसणाऱ्यावर नाही. तो नाव न सांगणाऱ्यावर आहे, कारण नाव त्याला माहीत असतं.

माहीत असतं हे मी अंदाजानं म्हणत नाही. विंडोजमध्येच इव्हेंट व्ह्यूअर नावाची सोय आहे. ती उघडा, ‘विंडोज लॉग्ज’खालच्या ‘सिस्टिम’मध्ये जा आणि कर्नल-पीएनपी या खात्यातली २२५ क्रमांकाची नोंद शोधा. तिथं स्वच्छ लिहिलेलं असतं: अमुक प्रोग्रामनं, ज्याचा प्रोसेस आयडी अमुक, अमुक उपकरण काढू दिलं नाही. प्रोग्रामचा पूर्ण पत्ता, सेकंदापर्यंत वेळ. तहसील कचेरीत फाइल कुणाच्या टेबलावर अडली आहे ते आवक-जावक रजिस्टरात लिहिलेलं असतं आणि खिडकीवरचा बाबू मात्र ‘वर गेलीय, पुढच्या सोमवारी या’ म्हणून वाटेला लावतो, तसलाच हा कारभार. बाबूच्या बाजूनं निदान एवढं म्हणता येतं की रजिस्टर दुसऱ्याच्या ताब्यात असतं. इथं लिहिणारा आणि खिडकीवर बसणारा एकच.

बरं, त्या नोंदीत सापडतं तरी कोण? पुष्कळदा अँटिव्हायरस, जो तुमच्या लग्नाचे फोटो एकेक करून हुंगत असतो. कधी फाइलींची शोधयादी बनवणारी विंडोजची स्वतःची सेवा. कधी एक्सप्लोरर, म्हणजे ज्याच्या खिडकीतून तुम्ही इजेक्ट म्हणालात तोच. बंद केलेल्या फोल्डरातल्या फोटोंची छोटी चित्रं बनवायचं त्याचं काम उरलेलं असतं. आणि काही वेळा, विशेषतः एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेल्या पोर्टेबल हार्डडिस्कच्या बाबतीत, तिथं नाव निघतं ‘सिस्टिम’, प्रोसेस आयडी ४. म्हणजे खुद्द विंडोज. आपणच धरून बसायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की तुझा कुठला तरी प्रोग्राम उघडा आहे, बंद कर. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

यावर जाणकारांचं ठरलेलं औषध आहे: संगणक बंद करा, मग काढा. पंधरा उघडी कामं गुंडाळायची, कशासाठी, तर अंगठ्याएवढी एक वस्तू सोडवायला. असा सल्ला देणाऱ्यांना मी तंत्रज्ञ मानत नाही.

ही झाली मागून न मिळणारी माहिती. न मागता मिळणारी तर तिच्याहून भारी. घड्याळाशेजारी ते इवलं चिन्ह उगवतं, यूएसबीला काहीही लावलेलं नसताना, आणि विचारतं, काढायचं का? यादी उघडावी तर आत हार्डडिस्क. कॅबिनेटच्या पोटात स्क्रूनं आवळलेली, सहा महिन्यांत कुणी हात न लावलेली हार्डडिस्क. काही संगणकांत ग्राफिक्स कार्ड. बघणारा घाबरतो: व्हायरस आला की काय, डिस्क जायला आली की काय. दोन्ही नाही. झालेलं असतं ते इतकं कारकुनी आहे की ऐकून चीड यावी.

प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर विंडोजला दोन गोष्टी सांगत असतो. हे काढता येण्याजोगं आहे का, आणि न सांगता ओढून काढलं तर चालेल का. माऊस दोन्हींना हो म्हणतो, म्हणून तो कधी यादीत दिसत नाही. उपटा, कुणी ब्र काढणार नाही. ज्याचं पहिलं उत्तर हो आणि दुसरं नाही, ते यादीत जातं. आता आतल्या हार्डडिस्का ज्या साटा पोर्टला लागतात, त्या पोर्टवर चालू संगणकात डिस्क जोडता-काढता यावी अशी सोय असते. सर्व्हरवाल्यांना ती लागते. मदरबोर्ड बनवणारा सगळ्याच पोर्टांवर ‘हॉट प्लग’ अशी खूण करून मोकळा होतो, कारण एकेक पोर्ट बघून खूण करायला कुणाला वेळ आहे? विंडोज ती खूण वाचतं आणि निष्कर्ष काढतं: काढता येते ना, मग काढण्यासाठीच असेल. डिस्क पेटीच्या आत आहे की टेबलावर, हा तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही.

बरं, ही नुसती नजरेला खटकणारी गोष्ट असती तर मी एवढा आवाज चढवला नसता. विंडोज ज्या डिस्कवर चालतं ती निघत नाही, ती वापरात असते. पण दुसरी, जिच्यावर ‘डी’ म्हणून तुमची दहा वर्षांची कामं आहेत, ती एका क्लिकनं निघू शकते. निघते म्हणजे गायब होते. डेटा जागेवरच असतो, संगणक पुन्हा सुरू केला की परत दिसतो, पण तोवर माणसाचं रक्त आटतं. व्हीएमवेअरच्या आभासी संगणकात तर नेटवर्क कार्ड या यादीत येतं. दूर कुठं तरी बसून, त्याच नेटवर्कवरून त्या संगणकात शिरलेला माणूस पेनड्राइव्हचं समजून त्यावर क्लिक करतो आणि स्वतःच्याच पायाखालची फांदी तोडतो. व्हीएमवेअरमध्ये हे बंद करायची वेगळी सेटिंग आहे. साटाच्या डिस्कांसाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘ट्रीट-अ‍ॅज-इंटर्नल-पोर्ट’ नावाची किल्ली आहे. तिच्यात पोर्टांचे क्रमांक भरले की त्या डिस्का यादीतून जातात. बायोसमध्ये जाऊन हॉट प्लग बंद केलं तरी बहुधा भागतं. म्हणजे आजार ठाऊक, औषध तयार, आणि औषध ठेवलंय कुठं? रजिस्ट्रीत, जिथं सामान्य माणसानं हात घालू नये असं हेच लोक सांगतात.

मग ती सूचना, जी कुणी काहीच केलेलं नसताना येते: उपकरण आता सुरक्षितपणे काढता येईल. घरात चार माणसं, कुणी माऊसला हात लावलेला नाही. इथं कारणं एकाहून जास्त आहेत आणि बहुतेक निरुपद्रवी आहेत. इंटरनेटचे डोंगल घरोघरी होते तेव्हा हा खेळ रोज चालायचा. डोंगल लावला की तो आधी सीडी म्हणून हजर व्हायचा, कारण त्याचा ड्रायव्हर त्याच्याच पोटात भरलेला. ड्रायव्हर मिळाला की ती खोटी सीडी इजेक्ट व्हायची आणि त्याच डोंगलचा मोडेम व्हायचा. फोनही तसाच: चार्जिंगवरून फाइल ट्रान्सफरवर बोट फिरवलं की संगणकाच्या लेखी एक उपकरण गेलं आणि दुसरं आलं. आणि कधी कारण असतं वीज. यूएसबी २ च्या पोर्टनं ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी ३ नं ९००. त्यावर विनाअडॅप्टरचा स्वस्त हब, हबवर फिरत्या तबकडीची पोर्टेबल डिस्क, आणि हे सगळं कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला, जो आतून लांबलचक बारीक वायरनं बोर्डाला जोडलेला असतो. डिस्कची मोटर उचल खाते, दाब पडतो, डिस्क क्षणभर मरते आणि पुन्हा जिवंत होते. टुंग-टँग वाजतं. असं वारंवार होत असेल तर सूचना वाचत बसू नका. केबल बदला, मागच्या पोर्टला लावा, आधी कॉपी काढून ठेवा.

पण हे सांगणार कोण? संगणकाला दिसतं की उपकरण एका तासात सहा वेळा गेलं आणि आलं. एवढ्यावरून कुणीही म्हणेल, केबल ढिली दिसते. तो म्हणत नाही. मॅकवाल्यांनी फार हुरळून जाऊ नये. तिकडं तर सरळ माणसालाच दरडावतात. मॅक झोपतो, झोपेत डिस्कचं कनेक्शन तुटतं, आणि सकाळी झाकण उघडलं की उजव्या कोपऱ्यात फटकार: डिस्क नीट इजेक्ट केली नाहीत, काढण्यापूर्वी इजेक्ट करत जा. अहो, काढली कुणी? केबल अजून लावलेली आहे, डोळे असतील तर बघा. अँड्रॉइडवर खिशातल्या फोनमधलं मेमरी कार्ड जरा हललं की अशीच बातमी यायची, कार्ड अनपेक्षितपणे काढलं गेलं. खिशातून!

यात विशेष चीड आणणारी गोष्ट अशी की यूएसबी मुळात ओढून काढण्यासाठीच घडवलेली आहे. जानेवारी १९९६ मध्ये तिचं पहिलं मानक आलं. ते घडवणाऱ्यांत इंटेलचे अजय भट्ट होते, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. पेनड्राइव्हचं तोंड उजेडात धरून बघा. चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन लांब आहेत, मधल्या दोन आखूड. कडेच्या विजेच्या, मधल्या डेटाच्या. घालताना वीज आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी तुटावी, म्हणून. तांब्यापितळेत एवढा विचार झाला. मग सॉफ्टवेअरवाल्यांनी त्यावर काय रचलं? विंडोज २००० मध्ये नुसतं ओढून काढलं की मोठी चौकट यायची: उपकरण असुरक्षितपणे काढलंत, संगणक कोसळू शकतो, डेटा जाऊ शकतो. एक्सपीत ती चौकट गेली. आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या सगळ्या डिस्कांसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हा मूळ नियम झाला. म्हणजे लिहायचं ते मेमरीत साठवून न ठेवता लगेच लिहायचं, आणि इजेक्टची सक्ती नाही. इतका मोठा बदल. पडद्यावर त्याची वर्दी आली? नाही. बिनकामाच्या सूचनांचा पाऊस पाडणाऱ्यांना हीच एक द्यावीशी वाटली नाही. (आणि ही तीच आवृत्ती, जिनं काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली पुसल्या म्हणून आठवड्याच्या आत तिचं वाटप थांबवावं लागलं. पेनड्राइव्हच्या सुरक्षिततेचं प्रवचन देणारे हे!)

परिणाम काय झाला ते कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून बघा. ‘दादा, इजेक्ट करता का?’ ‘ओढा सरळ काका, काही होत नाही.’ दादा शंभरातल्या नव्याण्णव वेळा बरोबर असतो. उरलेल्या एका वेळी प्रिंटिंगचा प्रोग्राम तुमच्या पेनड्राइव्हवर काहीतरी लिहीत असतो, एफएटी पद्धतीत अर्धवट लेखन सावरून घेणारी नोंदवही नसते, आणि तुमचा प्रबंध शून्य केबीचा होतो. लिनक्सवर तर कॉपीची पट्टी पूर्ण भरली तरी खरं लिखाण मागून चालू असतं. तेव्हा इजेक्ट हे थोतांड आहे असं मी म्हणत नाही. लिहून झालं की नाही याची खात्री करून घेणं शहाणपणाचंच. पण इतक्या वेळा उगाच लांडगा आला म्हणून ओरडल्यावर दादानं ऐकणं सोडलं असेल, तर दोष दादाचा नाही.

यावर एक ठरलेला बचाव येतो: सामान्य माणसाला प्रोसेसची नावं सांगून काय कळणार, तो उलट गोंधळेल. हा बचाव मला मान्य नाही, कारण तो खोटा आहे. उघडी फाइल पुसायला जा, हेच विंडोज सांगतं की ती वर्डमध्ये उघडी आहे, पुसता येत नाही. संगणक बंद करायला जा, २००७ च्या व्हिस्टापासून कुठला प्रोग्राम अडवतोय ते नाव आणि चिन्हासकट दाखवलं जातं. तिथं कुणी गोंधळत नाही. फुकटात वाटल्या जाणाऱ्या लिनक्सच्या ग्नोममध्ये डिस्क अडली की कुणी अडवली त्यांची यादी समोर येते. म्हणजे पकडण्याची युक्ती आहे, नोंद आहे, दाखवायची चौकट आहे. २२५ क्रमांकाच्या नोंदीतलं नाव उचलून त्या चौकटीत टाकायचं, एवढंच राहिलंय. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा वाटलं होतं, आता तरी करतील. त्यांनी स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून उचललं आणि मधोमध नेऊन ठेवलं.