तारेत जागा आहे का?

मुलामुलींनो,

गणपतीची सुट्टी संपली आणि आमच्या शाळेची सहल निघाली ती थेट वनकुसवड्याच्या पठारावर. वनकुसवडे हे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातलं गाव. कोयनेच्या शिवसागर जलाशयाजवळचं हे पठार समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर उंच आहे. वारा असा की टोपी धरायला जावं तर डब्याचं झाकण उडतं! आणि जिकडे बघावं तिकडे पवनचक्क्या.

डबे खाऊन झाले. पहिल्या बाकावर बसणारी आमची एक चुणचुणीत मुलगी बराच वेळ गप्प होती. एकदम म्हणाली, "बाई, इथे एवढा वारा आहे, मोकळं रानही आहे. मग अजून पवनचक्क्या का नाही लावत? म्हणजे आमच्या वाडीवरची लाईट जाणारच नाही."

मी उत्तर देणार, एवढ्यात तिथे देखभालीचं काम करणारे एक काका म्हणाले, "बाळ, वारा भरपूर आहे, रानही आहे. पण तारेत जागा पाहिजे ना!"

झालं! सगळी पोरं हसायला लागली. तारेत कसली आलीय जागा? तार म्हणजे काय एस.टी. आहे, की 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणत आणखी चार जण कोंबायचे?

हसू नका. काकांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात फळ्यावर हेच गणित सोडवलं. आज तुम्हीही वही-पेन्सिल घेऊन बसा.

आधी सांगा, तार भरते म्हणजे काय होतं? घरी इस्त्री बराच वेळ चालली की तिची वायर कोमट होते, हो ना? तारेतून वीज वाहिली की तार तापते. जास्त वीज, जास्त ताप. आता तुम्ही विज्ञानात शिकलात की धातू तापला की प्रसरण पावतो. मोठमोठ्या मनोऱ्यांवरच्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात आणि त्यांच्या पोटात पोलादाचा गाभा असतो. त्या तापल्या की लांब होतात. दोन्ही टोकं तर मनोऱ्यांना बांधलेली. मग लांब झालेली तार जाणार कुठे? ती मधोमध खाली लोंबते. वाळत घातलेल्या ओल्या चादरीने दोरी लोंबते ना, तशी. फार लोंबली तर खालच्या झाडाच्या शेंड्याजवळ जाते, आणि ठिणगी पडून लाईन बंद!

ही कल्पना नाही बरं का. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात भार वाढलेल्या तारा खाली लोंबल्या आणि वाढलेल्या झाडांना भिडल्या. एकामागून एक लाईन बंद पडत गेली आणि अमेरिका व कॅनडा मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. म्हणून प्रत्येक लाईनची एक मर्यादा ठरलेली असते. त्या मर्यादेपर्यंत जेवढी वीज जाऊ शकते, तेवढी त्या तारेतली 'जागा'.

आता आमचं गणित. यातले आकडे आम्हीच मनाने घेतले आहेत, पण रीत खरी आहे.

समजा, एका पठारावरून शहराकडे तीन लाईनी जातात. प्रत्येक लाईन १०० मेगावॉट वीज नेऊ शकते. (मेगावॉट म्हणजे दहा लाख वॉट. एक पंखा ५० वॉटचा धरला, तर एका मेगावॉटवर २० हजार पंखे फिरतील!) एक पवनचक्की पूर्ण जोरात असली की २ मेगावॉट वीज देते. तर पठारावर किती पवनचक्क्या लावता येतील?

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "तीनशे भागिले दोन, दीडशे!"

मी फळ्यावर १५० लिहिलं आणि त्यावर काट मारली.

"का बाई? भागाकार तर बरोबर आहे!"

भागाकार बरोबर, पण उत्तर चूक. समजा, घाटातून खाली उतरायला तीन रस्ते आहेत आणि तिन्ही गाड्यांनी गच्च भरलेत. अशात एका रस्त्यावर दरड कोसळली तर? त्या रस्त्यावरच्या गाड्या उरलेल्या दोन रस्त्यांवर येणार आणि तेही तुंबणार. विजेचं तर याहून अवघड. गाड्या थांबून राहतात, वीज थांबत नाही. एक लाईन तुटली की तिची वीज क्षणात दुसऱ्या लाईनींवर चढते. त्या आधीच भरलेल्या असतील तर त्याही बंद, मग तिसरी, मग चौथी. म्हणून जगभरचे वीज अभियंते एक नियम पाळतात. एक लाईन अचानक गेली, तरी बाकीच्यांनी सगळा भार पेलला पाहिजे. म्हणजे तीन लाईनी असल्या तरी हिशेब दोनचाच धरायचा. ३०० नव्हे, २०० मेगावॉट.

हा नियम किती मोलाचा आहे, ते आपल्या देशाने फार महागात शिकून घेतलं आहे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे, अडीचच्या सुमाराची गोष्ट. मध्य प्रदेशातल्या बीना आणि ग्वाल्हेर या दोन ठिकाणांमध्ये ४०० किलोव्होल्टच्या दोन लाईनी होत्या. त्यातली एक कामासाठी आधीच बंद ठेवलेली होती. उरलेल्या एकीवर भार फार वाढला आणि ती बंद पडली. पाठोपाठ सगळ्या उत्तर भारताची वीज गेली. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी, पुन्हा तेच झालं. या वेळी उत्तरेसोबत पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला. सुमारे ६२ कोटी लोकांना त्याची झळ बसली. आगगाड्या जागच्या जागी थांबल्या. पूर्वेकडच्या कोळशाच्या खाणींत लिफ्ट बंद पडल्यामुळे सुमारे २०० कामगार जमिनीखाली अडकले. सुदैवाने ते सगळे सुखरूप वर आले. त्या दिवशी दोष पवनचक्क्यांचा मुळीच नव्हता. पण तारेतली मोकळी जागा संपली की काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलं.

चला, परत फळ्याकडे. आपल्याजवळ २०० मेगावॉट जागा उरली.

आता दुसरा प्रश्न. या तारांवर आधीपासून कोण बसलंय? समजा, जवळच्या धरणाचं वीजघर याच लाईनींवरून ६० मेगावॉट वीज पाठवतं. २०० वजा ६०, राहिले १४०.

तिसरा प्रश्न. जागा कुणी धरून ठेवली आहे का? बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं इथेही असतं. ज्यांना परवानगी मिळाली आहे, पण ज्यांच्या पवनचक्क्या अजून उभ्या राहायच्या आहेत, त्यांची जागा सोडावी लागते. ती समजा ४० मेगावॉट. राहिले १००.

चौथा प्रश्न मात्र आपल्या फायद्याचा आहे. पठाराजवळच्या गावांत जी वीज वापरली जाते, ती लांबच्या तारेत शिरतच नाही. तेवढी जागा वाचते. पण किती वाचते? उन्हाळ्याच्या दिवसांत गावं ५० मेगावॉट वापरतात, तर पावसाळ्यातल्या रात्री २०. यातला कुठला आकडा घ्यायचा?

मागच्या बाकावरून आवाज आला, "पन्नास!" मग जरा वेळाने त्याच बाकावरून हळूच, "नाही बाई... वीस."

शाबास! आपल्याकडे सह्याद्रीवर वाऱ्याचा खरा जोर जून ते सप्टेंबर, म्हणजे पावसाळ्यात. आता डोळ्यांसमोर आणा, श्रावणातली रात्र. वारा घोंघावतोय, सगळ्या पवनचक्क्या पूर्ण जोरात आहेत. धरण भरलंय, म्हणून तिथलं वीजघरही चालू. आणि पाऊस पडतोय म्हणून शेतातल्या मोटारी बंद, गार हवा म्हणून पंखेही बंद. वीज सगळ्यात जास्त आणि वापर सगळ्यात कमी! तारांची खरी परीक्षा त्या रात्री असते. म्हणून २० च धरायचे. १०० अधिक २०, झाले १२०. भागिले दोन, ६० पवनचक्क्या.

म्हणजे पाहा, १५० पासून निघालो आणि ६० वर आलो. आणि ही झाली फक्त तोंडओळख. खरे अभियंते संगणकावर सगळ्या लाईनींचं जाळं मांडतात आणि एकेक लाईन, एकेक ट्रान्सफॉर्मर मुद्दाम 'बंद' करून पाहतात. विजेचा दाब फार वर तर जात नाही ना, हे बघतात. कुठे वीज पडून दाब क्षणभर खाली गेला, तर सगळ्या पवनचक्क्या घाबरून एकदम बंद तर पडणार नाहीत ना, हेही तपासतात. महाराष्ट्राच्या पारेषण जाळ्याला जोडायची पवनचक्की असेल, तर ही परवानगी महापारेषण कंपनीकडून घ्यावी लागते. आणि रोजच्या रोज कुठून किती वीज येते, किती जाते, यावर नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून रात्रंदिवस नजर असते.

आता आमच्या त्या चुणचुणीत मुलीने पुन्हा हात वर केला. "बाई, पण वारा रोज कुठे एवढा असतो? मग बाकीच्या दिवशी तारेतली जागा फुकटच जाते की!"

खरं सांगू? हा प्रश्न ऐकून मी दोन मिनिटं खडू हातात धरून उभी राहिले. कारण मोठमोठी माणसं याच प्रश्नावर डोकं खाजवतात. वारा फार लहरी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते! आणि वेग निम्मा झाला की ती आठव्या हिश्शावर येते. त्यामुळे २ मेगावॉटची पवनचक्की वर्षातले कितीतरी तास त्याहून पुष्कळ कमी वीज देते आणि तारा बऱ्यापैकी रिकाम्या राहतात.

मग यावर उपाय काय? एक म्हणजे, ६० च्या ऐवजी थोड्या जास्त पवनचक्क्या लावू द्यायच्या, पण अट घालायची की तार भरली तर काही वेळ पाती थांबवावी लागतील. दुसरा उपाय, त्याच लाईनीला सौर ऊर्जेचीही जोड द्यायची. दुपारी ऊन, रात्री वारा, दोघांनी जागा वाटून घ्यायची. तिसरा, मोठ्या बॅटऱ्यांत वीज साठवायची. आणि एक गंमत ऐका. जोराच्या वाऱ्यात तारही गार पडते! गार तार जास्त वीज नेऊ शकते. म्हणून काही ठिकाणी आता हवामान मोजून तारेची मर्यादा तासातासाला ठरवतात.

आणि चौथा, सरळ उपाय म्हणजे नवी लाईन. पण त्यात एक मोठी मेख आहे. पवनचक्क्या दीड-दोन वर्षांत उभ्या राहतात. लांबच्या लाईनीला मात्र मनोऱ्यांसाठी जागा हवी, शेतकऱ्यांशी बोलणी हवीत, जंगलातून जायची परवानगी हवी. त्यात पुष्कळ वर्षं जातात.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याला हीच अडचण आली होती. तिथे वारा पश्चिमेकडच्या माळरानावर आणि मोठी शहरं लांब पूर्वेकडे. तारा भरल्या म्हणून चालत्या पवनचक्क्या थांबवायची पाळी आली. मग त्यांनी २००५ साली कायदा करून उलटंच ठरवलं. आधी लाईनी बांधायच्या, मग पवनचक्क्या येतील! २०१४ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे ५८०० किलोमीटर लाईनी तयार झाल्या. त्यांच्यामुळे साडेअठरा हजार मेगावॉट वीज नेण्याची सोय झाली. पण वर्षं किती लागली, ते मोजा बरं.

मुलांनो, आमच्या त्या मुलीचा खरा प्रश्न होता वाडीवरच्या लाईटीचा. तिला मी खोटी आशा दाखवली नाही. वाडीवरची लाईट बहुतेक वेळा जाते ती फांदी पडून गावातली तार तुटली म्हणून, नाहीतर डीपी बिघडली म्हणून. पठारावर आणखी शंभर पवनचक्क्या आल्या, तरी ती तुटलेली तार आपोआप जोडली जाणार नाही. तिथे वायरमनकाकाच लागतात. वीज तयार करणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच ती नीट पोचवणं. पाती सगळ्यांना दिसतात. त्यांचे फोटो निघतात. तारांचा फोटो कुणी काढत नाही, आणि त्यांच्यात राखून ठेवलेली जागा तर दिसतसुद्धा नाही. पण ती रिकामी जागा फुकट गेलेली नसते. एखादी लाईन तुटते त्या दिवशी दवाखान्यातला दिवा आणि खाणीतली लिफ्ट त्या जागेवरच चालते.

हे ऐकून ती म्हणाली, "मग मी मोठी झाले की तारांचाच हिशेब करीन." बघू या! मी वाट बघतेय.

आता तुमच्यासाठी कामगिरी. तुमच्या घराजवळून जाणाऱ्या मोठ्या तारा उन्हाळ्याच्या दुपारी आणि थंडीच्या सकाळी लांबूनच पाहा आणि त्यांच्या लोंबण्यात काही फरक दिसतो का, ते वहीत लिहा. लांबूनच बरं का! मनोऱ्याजवळ, डीपीजवळ अजिबात जायचं नाही आणि तारांखाली पतंगही उडवायचा नाही.

आणि हे एक गणित : आपल्या त्याच पठारावर १०० मेगावॉटची चौथी लाईन बांधली. बाकी सगळे आकडे तेच. आता एकूण किती पवनचक्क्या लावता येतील? आधी स्वतः सोडवा, मगच खाली बघा.

पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमच्या बाई

(उत्तर : चारपैकी एक लाईन बंद धरली की राहिले ३००. ३०० − ६० − ४० + २० = २२०. २२० ÷ २ = ११० पवनचक्क्या. म्हणजे एका नव्या लाईनीने ५० पवनचक्क्यांची सोय झाली!)