मानणे, जाणणे आणि चवदार तळ्याचे पाणी

"तुम्ही देव मानत नाही, मग बाबासाहेबांना कसे मानता?" हा प्रश्न आपल्या पोरांना कॉलेजात, ऑफिसात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याला वाटते, आता हे निरुत्तर होणार. आपल्यातले काही जण चिडतातही. चिडायचे कारण नाही. मराठीत 'मानणे' या एकाच शब्दाकडे दोन कामे आहेत. आईला मानतो म्हणजे तिचा मान राखतो. भूत मानतो म्हणजे भूत आहे असे धरून चालतो. बाबासाहेबांना आपण पहिल्या अर्थाने मानतो. ते होते की नाही हे कुणाला मानावे लागत नाही. त्यांचे ग्रंथ आहेत, विधिमंडळातली भाषणे आहेत, त्यांनी लढलेले खटले आहेत. हे सगळे उघडून पाहता येते.

आमचे भांडण दुसऱ्या अर्थाच्या मानण्याशी आहे, कारण जातिव्यवस्था त्याच्यावरच उभी आहे.

महाडचे उदाहरण घ्या. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. कागदावर तळे सर्वांचे झाले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यामागचे हजारो लोक ते पाणी प्याले, आणि मग सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळे 'शुद्ध' केले. शेण ओतल्याने शुद्ध होणारे आणि माणसाच्या ओंजळीने बाटणारे पाणी! त्या पाण्यात आदल्या दिवशी नसलेले असे काय आले होते? काहीच नाही. विटाळ पाण्यात नव्हताच, तो पाहणाऱ्याच्या डोक्यात होता.

पण इथे थांबलो तर आपण अर्धेच जाणले. विटाळ खोटा होता, पण त्यापायी परिषदेहून परतणाऱ्या आपल्या माणसांच्या डोक्यात बसलेल्या काठ्या खऱ्या होत्या. जी गोष्ट निसर्गात नाही ती पुरेशा लोकांनी मानली की समाजात अस्तित्वात येते, आणि एकट्यादुकट्याने मानायचे सोडले म्हणून नाहीशी होत नाही. म्हणून "मी तर जात मानतच नाही" असे सांगणाऱ्या मित्राचे आम्हाला फारसे कौतुक वाटत नाही. तू मानत नाहीस, चांगले आहे. पण तुझ्या सोसायटीत घर भाड्याने देताना आडनाव विचारतात की नाही? तुझ्या बहिणीच्या स्थळाच्या जाहिरातीत काय छापले होते? जात तुझ्या मानण्या-न मानण्यावर थांबलेली नाही.

मग ती हलते कशाने? पुन्हा महाडलाच जाऊ. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी बाबासाहेबांवर दावा लावला. म्हणणे असे की तळ्यावर अस्पृश्यांना न येऊ देण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे. 'अनादी काळापासून' हे शब्द आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आणि मान खाली घातली. कोर्टात मात्र त्या शब्दांना पुरावा मागितला गेला. दहा वर्षे खटला चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. कोर्ट काही क्रांतिकारक नव्हते. त्याने एवढेच विचारले, हे तुम्हाला कशावरून ठाऊक? त्या एका प्रश्नापुढे 'अनादी' टिकले नाही.

हाच प्रश्न केसमुत्त गावच्या कालामांना बुद्धाने शिकवला. आपण कालाम सुत्त भाषणात वापरतो ते दुसऱ्यांच्या पोथ्या खोडायला. पण त्यातली यादी नीट वाचा. परंपरा आणि ग्रंथ तर आहेतच, पण नुसता तर्कही आहे, आणि 'हा आमचा गुरू आहे' हे कारणसुद्धा आहे. एवढ्यावरून मान्य करू नका, आचरणात आणल्यावर अकुशल काय आणि कुशल काय, हिताचे काय आणि दुःखाचे काय, ते स्वतः जाणा, असे तो सांगतो. म्हणजे कसोटी आपल्यालाही लागू आहे.

आणि इथे आपले बरे चाललेले नाही. १४ एप्रिल जवळ आला की बाबासाहेबांच्या फोटोखाली वाटेल ती वाक्ये फिरू लागतात. कुठल्या भाषणातले, कुठल्या साली, काही नाही. विचारले तर उत्तर येते, "बाबासाहेबांवर शंका घेता?" शंका बाबासाहेबांवर नाही, फॉरवर्ड करणाऱ्यावर आहे. ज्या माणसाने २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीपासून सावध राहायला सांगितले, त्याच्याच नावाने आपण भक्ती करतो आहोत. याची किंमतही मोजावी लागते. एक वाक्य बनावट निघाले की समोरचा आपली दहा खरी वाक्ये बाजूला सारतो.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले आहेत. जयंतीच्या फलकावर या वर्षी एखादे वाक्य लावणार असाल, तर त्याखाली खंड आणि पान लिहा. सापडले नाही तर ते वाक्य लावू नका. फोटो पुरेसा आहे.

जय भीम!