काळ्या पीटरचें सोनें

न्यूझीलंडांतील ओटागो प्रांतीं सोनें कोणीं शोधलें, असें आम्हांस नोकरींत असतांना कोणीं विचारलें असतें, तर ‘गॅब्रिएल रीड, सन १८६१’ असें उत्तर आम्हीं बेधडक दिलें असतें. तें उत्तर अगदींच खोटें नाहीं. पण त्यांत आमच्या मुंबईकडच्या एका माणसाचें नांव गळतें, हें आम्हांस उतारवयांत कळलें. त्याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

एडवर्ड पीटर्स हें त्याचें नांव. तो मिश्र रक्ताचा, वर्णानें सांवळा. म्हणून त्या वसाहतींत ‘ब्लॅक पीटर’ याच नांवानें ओळखला जाई. सन १८५३ त ‘माओरी’ नामक जहाजानें तो तेथें पोंचला. ड्युनेडिन शहर स्कॉच लोकांनीं १८४८ त वसविलेलें, अजून लहानसेंच होतें. पीटर्स शेतांवर मजुरी करी, आणि सवड सांपडली कीं ओढ्याकांठीं वाळू धूत बसे.

सराफकट्ट्यावरील धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना ही रीत निराळी सांगावयास नको. सोनें पाण्याच्या एकोणीसपट जड, वाळू अवघी अडीचपट. पसरट थाळींत वाळू व पाणी घेऊन गोल हलवीत राहिलें म्हणजे वाळू कांठावरून वाहून जाते आणि सोनें तळाशीं राहतें. भांडवल नको, यंत्र नको. कंबर मात्र मोडते.

१८५८ च्या सुमारास तुआपेका नदीच्या बाजूस पीटर्सला असें सोनें मिळालें. त्यानें तें दडविलें नाहीं. त्याची वार्ता कर्णोपकर्णीं पसरली. टास्मानियाचा गॅब्रिएल रीड कॅलिफोर्निया व व्हिक्टोरिया येथील खाणी पाहून आलेला. त्याच्याहि कानीं ती गेली. मे १८६१ मध्यें थाळी, फावडें व खाटकाची सुरी घेऊन तो त्याच मुलखांत दहा तास खपला. सात औंस सोनें निघालें, म्हणजे आपल्या हिशेबानें अठरा तोळ्यांहून अधिक. मग त्यानें प्रांताचे अधीक्षक मेजर रिचर्डसन यांस पत्र लिहिलें. तें वर्तमानपत्रांत छापून आलें, आणि पाहतां पाहतां हजारों माणसें त्या ओसाड दरींत लोटलीं. सरकारनें रीडला प्रथम ५०० पौंड व पुढें आणखी ५०० पौंड बक्षीस दिलें. दरीहि त्याच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली.

रीडवर आम्ही लबाडीचा आरोप करीत नाहीं. लाभलेलें सोनें गुपचूप उपसतां आलें असतें, तें त्यानें जगजाहीर केलें; ही गोष्ट लहान नव्हे. पीटर्सनें तोंडीं सांगितलें, रीडनें लिहून कळविलें. जन्मभर मुलांना ‘लेखी द्या’ म्हणून सांगणाऱ्या आम्हांस हें स्पष्टीकरण पटावयास हवें होतें; पण पटत नाहीं. सांवळ्या मजुराचें पत्र त्या कचेरींत त्याच आदरानें वाचलें गेलें असतें काय?

सत्तावीस वर्षें लोटलीं. व्हिन्सेंट पाईक नांवाच्या सभासदानें १८८५ त त्याची बाजू पार्लमेंटपुढें मांडली, तेव्हां पीटर्स म्हातारा व निर्धन झालेला होता. सरकारनें ५० पौंड मंजूर केले, तेहि लोकांनीं तितकेच जमविल्यास! ‘दैव देतें आणि कर्म नेतें’ अशी आपल्याकडे म्हण आहे. येथें कर्माकडे बोट दाखविण्याचा आम्हांस धीर होत नाहीं. १८९३ मध्यें ड्युनेडिनच्या धर्मादाय संस्थेंत त्यानें देह ठेवला.

आणि हजार पौंडांचा धनी रीड? तो टास्मानियास परतला, पुढें त्याच्या मनाचा तोल ढळला, आणि १८९४ च्या आक्टोबरांत तेथील वेड्यांच्या इस्पितळांत तो वारला. दोघांच्या मरणांत पुरतें दीड वर्षहि नाहीं.

२००९ मध्यें पीटर्सच्या स्मारकाचें अनावरण न्यूझीलंडचे तत्कालीन गव्हर्नर जनरल आनंद सत्यानंद यांच्या हस्तें झालें; त्यांचे पूर्वज हिंदुस्थानांतून फिजीस गेलेले. आमच्या जुन्या टिपणवहींत १८६१ च्या ओळीवर थोडी जागा होती. तेथें आम्हीं बारीक अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली आहे.