पेशीचे अर्थशास्त्र

‘वाढ’ हा शब्द अर्थशास्त्राच्या अध्यापकाला रोजच उच्चारावा लागतो, आणि वाढ ही इष्टच असते असे गृहीत धरण्याची सवयही आमच्या शास्त्राला जडलेली आहे. जीवशास्त्राला मात्र ही चैन परवडत नाही. शरीरातील एखादी पेशी इतरांची पर्वा न करता वाढू आणि विभागू लागली, तर त्या वाढीला आपण कर्करोग म्हणतो. पेशीने केव्हा वाढावे आणि केव्हा थांबावे हे कसे ठरते, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

या प्रश्नाच्या उत्तराचे पुष्कळ सुटे भाग विसाव्या शतकात हाती आले. पेशीविभाजनाचे चक्र चालविणाऱ्या घटकांच्या शोधाबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि, यंत्रांची यादी हाती आली म्हणजे कारखान्याचा व्यवहार उमगला असे होत नाही. घटकांमधील परस्परसंबंध मोजणे, ते गणिताच्या भाषेत मांडणे आणि त्यावरून केलेले भाकीत प्रयोगाने पडताळणे, हे काम प्रणाली-जीवशास्त्र करते.

ई. कोलाय या जिवाणूचेच उदाहरण घ्या. रायबोसोम ही पेशीतील प्रथिने तयार करणारी यंत्रे. परंतु ती स्वतः अंशतः प्रथिनांचीच बनलेली असतात. तेव्हा उपलब्ध साधने यंत्रे वाढविण्यात गुंतवावीत, की अन्न मिळवून पचविणाऱ्या प्रथिनांत? दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी महालनोबिसांपुढे असलेला पेच याहून फारसा वेगळा नव्हता. टेरेन्स ह्वा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले, की अन्न जितके सकस आणि वाढ जितकी वेगवान, तितका रायबोसोमचा वाटा एका सरळ रेषेत वाढत जातो. आश्चर्य हे, की येथे कोणतेही नियोजन मंडळ नाही. अमिनो आम्लांचा तुटवडा पडला, की एक लहानसा रेणू रायबोसोमची निर्मिती आवरती घेतो. उणीव स्वतःच पुढील निर्णयाचा संकेत बनते.

मानवी पेशीत हा व्यवहार कितीतरी अधिक गुंतागुंतीचा असतो, आणि तेथे केवळ एका दुव्याकडे पाहण्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये ‘बी-राफ’ हे जनुक बिघडलेले आढळते. त्यावर नेमका आघात करणारे औषध २०११ साली अमेरिकेत मान्य झाले आणि अनेकांच्या गाठी झपाट्याने ओसरल्या. मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांतही तोच बिघाड असतो. पण तेथे तेच औषध जवळजवळ निष्प्रभ ठरले. २०१२ साली ॲम्स्टरडॅममधील संशोधकांनी याचे कारण उघड केले. बी-राफचा मार्ग अडविताच पेशीच्या पृष्ठभागावरील दुसऱ्या ग्राहक-प्रथिनावरचा लगाम सुटतो आणि वाढीचा संदेश आडवाटेने पुन्हा आत पोहोचतो. मेलॅनोमात ते ग्राहक-प्रथिन फारसे नसते. दोन्ही वाटा एकदम रोखणाऱ्या औषधांच्या जोडीला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. तिने रुग्णांचे आयुष्य सरासरीने काही महिन्यांनीच वाढविले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

एकाच वस्तूचा भाव बांधून दिला, की माल काळ्या बाजाराकडे वळतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. हस्तक्षेपाला व्यवस्था उलट प्रतिसाद देते. तो प्रतिसाद हिशेबात न धरणारा उपाय, मग तो अर्थमंत्र्यांचा असो वा वैद्यांचा, अपुराच ठरतो.

हा हिशेब मांडण्यासाठी जीवशास्त्राइतकेच गणित लागते. आपल्याकडे मात्र अकरावीत जीवशास्त्र घेणारे बरेच विद्यार्थी गणिताचा निरोप घेतात, आणि गणिताकडे वळलेल्यांना पेशीचे दर्शन पुन्हा होत नाही. सोळाव्या वर्षी उभारलेली ही भिंत पुढे संशोधन संस्थांना भरघोस अनुदान देऊनही पाडता येत नाही. विद्यापीठांनी व शिक्षण मंडळाने दोन्ही विषय एकत्र शिकण्याची वाट सुकर केली पाहिजे. त्यासाठी कोट्यवधींची यंत्रसामग्री लागत नाही. वेळापत्रक बदलण्याची इच्छाशक्ती तेवढी लागते.