उंबरठ्यावरची रुजवात

इंटरनेटचा वेग ही वस्तू आता मासिक हप्त्याने विकत मिळते. आणि विकत घेतलेली वस्तू तोलून पाहण्याचे साधनही ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये आयतेच आलेले असल्यामुळे, साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ज्या ज्या घरी जाण्याचा योग येतो, त्या त्या घरी चहाबरोबर एक कैफियत ठरलेली असते, ती अशी की, पैसे तीनशे मेगाबिटांचे भरतो आणि पदरात पंधरा पडतात. कैफियत खोटी नसते आणि तिच्यातील आकडेही फुगविलेले नसतात. परंतु फिर्यादीनेच न्यायासनावरही बसावे असा हा मामला असल्यामुळे निकाल आधी लागतो आणि चौकशी मागाहून होते, किंवा होतच नाही. कंपनी लबाड, असा निकाल देऊन गृहस्थ एकतर कंपनी बदलतो, नाहीतर तीनशेऐवजी पाचशेचा प्लॅन घेतो. आणि दोन्ही प्रकारांत पदरात पुन्हा पंधराच पडतात.

साताऱ्याच्या शनिवार पेठेत माझ्या मामांचा वाडा आहे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, सागवानी खांबांवर तोललेला कडीपाट, पुढे ओसरी, मध्ये चौक, चौकापलीकडे सोपा आणि त्याच्या आत माजघर, ही त्याची जुनी रचना अद्याप शाबूत आहे. ऊन, थंडी, चोर आणि यवतेश्वराच्या डोंगराच्या बाजूने झोडपत येणारा आषाढातील पाऊस यांपैकी कोणालाही माजघरापर्यंत पोहोचू द्यावयाचे नाही, अशा बंदोबस्ताने बांधलेल्या या वास्तूत विजेच्या खांबांवरून लोंबकळत आलेली फायबरची तार ओसरीवर संपली, आणि ज्या खिळ्यावर पूर्वी मामांची छत्री असे, त्याच्या शेजारी कंपनीच्या माणसाने पांढरा डबा ठोकला. मामांचे वास्तव्य मात्र सारे माजघरात. तेथे पुण्याच्या नातीचा चेहरा व्हिडिओ कॉलवर मध्येच थिजू लागला, तेव्हा त्यांनी तक्रार नोंदविली. कंपनीचा तरुण आला, ओसरीवर उभा राहिला, आणि आपला मोबाइल मामांसमोर धरून म्हणाला, "काका, आमच्याकडनं स्पीड फुल्ल आहे, हे बघा तीनशे." मामा म्हणाले, "अरे बाबा, तुझ्या डब्यापाशी असेल; मी काय डब्यापाशी पाट मांडून बसू?"

दोघेही खरे बोलत होते, आणि म्हणूनच तो संवाद तेथेच खुंटला. त्या तरुणाच्या लेखी काम पुरे झाले होते. मामांच्या लेखी ते सुरूच झाले नव्हते.

वास्तविक पंधरा हा आकडाही हेटाळण्याजोगा नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ज्याला टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९.६ किलोबिट मिळत, तो स्वतःला भाग्यवान समजे. २००४ साली सरकारने ब्रॉडबँडचे धोरण जाहीर केले, त्यात २५६ किलोबिट एवढ्या वेगाला ब्रॉडबँड म्हणावे असे मुक्रर झाले. पुढे ही मर्यादा ५१२ किलोबिटांवर गेली, आणि २०२३ साली ती २ मेगाबिट करण्यात आली. म्हणजे मामांच्या माजघरात जे काही पोहोचत होते, तेही सरकारी व्याख्येच्या सातपट होते. घरात एक सुबक चित्रपट पाहावयाचा तर ५ मेगाबिट पुरतात, अतिस्पष्ट चित्रासाठी १५ ते २५ लागतात, व्हिडिओ कॉल तर त्याहूनही अल्पसंतुष्ट असतो. तेव्हा नातीचा चेहरा थिजत होता, तो सरासरी आकडा लहान असल्यामुळे नव्हे, तर पंधराचा क्षणात एक आणि एकाचा क्षणात पुन्हा बारा होत असल्यामुळे. वेगापेक्षा त्याचे सातत्य महत्त्वाचे असते, ही गोष्ट जाहिरातीत छापली जात नाही.

अशा तक्रारीचा तपास करावयाचा, तर पहिले काम हद्द ठरविण्याचे. फायबरमधून येणारा प्रकाश त्या डब्यात संपतो. तेथे त्याचे विद्युतसंदेशांत रूपांतर होते, आणि तेथून पुढे ते संदेश एकतर तारेने जातात, नाहीतर बिनतारी लहरींनी. डब्यापर्यंतचा इलाखा कंपनीचा, डब्यापलीकडचा गृहस्थाचा. म्हणून रुजवात व्हावयाची ती या उंबरठ्यावर, आणि तीही वाय-फायने नव्हे, तर लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला जोडून. घरातील बाकीची उपकरणे क्षणभर बंद ठेवावीत, आणि मोजणी सकाळी एकदा व रात्री नऊच्या सुमारास एकदा करावी. कारण सकाळी पुरा भरणारा वेग रात्री तारेवरही निम्म्यावर येत असेल, तर दोष निःसंशय बाहेरचा आहे, आणि तेथे भिंतींना बोल लावण्यात अर्थ नाही. प्लॅनची मासिक डेटा मर्यादा ओलांडल्यावर वेग उतरविला जातो, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. तसेच प्लॅन मेगाबिटांत विकला जातो आणि संगणकावर उतरणाऱ्या फाइलचा वेग बहुधा मेगाबाइटांत दिसतो. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने तीनशेचे साडेसदतीस दिसणे हा पुरा भरणा आहे, अपहार नव्हे.

मामांच्या लॅपटॉपवर या मोजणीत आकडा आला तो चौऱ्याण्णव. हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण तो जेथे स्थिरावतो, तेथे दोष बहुधा तारेचा असतो. लॅन केबलमध्ये आठ तारा चार जोड्यांनी पिळलेल्या असतात. हजार मेगाबिटांसाठी या चारही जोड्या शाबूत लागतात, आणि त्यांतील एखादी जरी तुटली, तरी दोन्ही टोकांची यंत्रे बहुधा मुकाट्याने तडजोड करून दोन जोड्यांवर शंभराचा व्यवहार सुरू ठेवतात. त्या शंभरातून वाहतुकीचा स्वतःचा खर्च वजा जाता हाती सुमारे चौऱ्याण्णव उरतात. मामांची केबल दाराच्या चौकटीत वर्षानुवर्षे चेमटत आली होती. ती बदलताच तीनशे पुरे भरले, आणि कंपनी आरोपातून मुक्त झाली. काही जुन्या डब्यांची आणि राउटरांची खाचच मुळी शंभराची असते. तेथे केबल बदलूनही काही साधत नाही.

आता उरली ती वाड्याची बाजू. माजघरात पूर्वी सागवानी पेटीचा रेडिओ असे, त्यावर आडवी बांधलेली जाळीची एरियल असे, आणि १९६३ साली सुरू झालेले सांगली आकाशवाणी केंद्र त्यावर अगदी स्पष्ट लागत असे. मग सांगलीहून आलेला आवाज ज्या भिंतींनी अडविला नाही, तो ओसरीवरच्या डब्यातला त्यांनी का अडवावा, हा मामांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर लहरीच्या लांबीत आणि प्रक्षेपणाच्या सामर्थ्यात आहे. सांगलीचे प्रक्षेपण १२५१ किलोहर्ट्झवर होई. त्या लहरीची लांबी सुमारे २४० मीटर, म्हणजे सबंध वाडा तिच्या एका पावलात मावावा. शिवाय तिच्यामागे किलोवॅटांचे बळ. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वाबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची सहा सेंटिमीटरांहून कमी, आणि घरगुती राउटरचे सामर्थ्य साधारणतः वॅटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एवढ्या अल्पशक्ती लहरीला दोन हात मातीतून वाट काढावयाची, त्यातून पावसाळ्यात ती माती ओल धरते, आणि पाणी तर या लहरींचे शोषक. लोखंडी कपाट आणि पारा लावलेला आरसा त्यांना परतवूनच लावतात. ५ गिगाहर्ट्झचा वेग थोर, पण प्रवेश तोकडा, २.४ चा प्रवेश त्याहून बरा, पण वेग बेताचा. ओसरीवर तीनशे दाखविणारा मोबाइल माजघरात जाताच ५ ची संगत सोडून २.४ कडे वळत होता, आणि तेथेही चाचपडत होता.

सांगलीला विश्रामबागेत माझी मावसबहीण फ्लॅटमध्ये राहते. तेथे भिंती अर्ध्या विटेच्या, आणि तरीही रड तीच. कारण तेथे अडसर भिंतींचा नसून शेजाऱ्यांचा आहे. मोबाइलवर वाय-फायची यादी उघडली की खालपासून वरपर्यंत सबंध इमारतीची नावे वाचावयास मिळतात. एके काळी साधा रेडिओ घरी ठेवण्यासही पोस्टातून परवाना काढावा लागे, आणि १९३३ च्या बिनतारी कायद्याचा अंमल माजघरापर्यंत चाले. पुढे २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि २०१८ साली ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा सरकारने परवान्याच्या अटीतून मुक्त केला. हे मोठे उपकार झाले. पण जे सर्वांना मोकळे, त्यावर गर्दीही सर्वांची. २.४ च्या पट्ट्यात तेरा चॅनेल दिसतात खरे, परंतु ती एकमेकांवर इतकी चढलेली असतात की, परस्परांच्या वाटेत न येणारी अशी १, ६ आणि ११ ही तीनच निघतात. आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही नेमकी याच पट्ट्यात तापते. अशा ठिकाणी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यातल्या त्यात मोकळे चॅनेल निवडणे, आणि ज्या उपकरणांना झेपेल त्यांना ५ गिगाहर्ट्झवर नेणे, एवढे केले तरी बहिणीच्या घरासारख्या घरातील निम्मी तक्रार निकालात निघते. पातळ भिंतीच्या फ्लॅटमध्ये ५ चा तोकडा प्रवेश हे वैगुण्य नसून गुणच ठरतो, कारण शेजाऱ्याची लहरही आपल्याकडे क्षीण होऊनच येते.

एका राउटरवरची उपकरणे एका चॅनेलवर कशी नांदतात, हे समजले की पुढचे बरेच उलगडते. ज्या सभेत एका वेळी एकानेच बोलावयाचे, तेथे एखादा वयोवृद्ध सभासद अडखळत बोलू लागला की भराभर बोलणाऱ्यांनाही खोळंबावे लागते. घरातील दहा वर्षांपूर्वीचा मोबाइल, किंवा अगदी लांबच्या खोलीतून क्षीण संकेतावर बोलणारा टीव्ही, हाच परिणाम साऱ्या घरावर घडवितो. म्हणून जो टीव्ही जागचा हलत नाही, त्याला केबलनेच जोडावे. त्याचा बोजा हवेवरून उतरला की बाकीच्यांना वाव मिळतो. बाजारात स्वस्तात मिळणारा रिपीटर भिंतीतल्या प्लगला लावून पुष्कळजण समाधान मानतात. परंतु तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्याने घटतो, आणि जेथे संकेत मुळातच मेलेला असतो, तेथे तो बसविला तर मेलेल्याचीच द्विरुक्ती करतो.

मामांच्या वाड्यात अखेर जी तजवीज झाली, तिच्यात नवलाईचे काही नव्हते. पूर्वी वीज ज्या मार्गाने लाकडी पट्टीवरून ओसरीतून सोप्यात आणि सोप्यातून माजघरात गेली होती, त्याच मार्गाने तुळईच्या कडेकडेने एक चांगली लॅन केबल नेली, भिंत कोठेही फोडली नाही, आणि तिच्या टोकाला माजघरातील कोनाड्यात दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून बसविला. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवला, चॅनेल मात्र वेगवेगळे. लहरींना भिंत ओलांडावयास न लावता, तार भिंतीपलीकडे नेऊन लहरींना तेथेच जन्म द्यावयाचा, हा जाड भिंतींच्या घराला लागू पडणारा उपाय आहे. मेश म्हणून विकली जाणारी, आपसांत बोलणाऱ्या अनेक राउटरांची महागडी मांडणीसुद्धा अशा वाड्यात तारेच्या आधाराशिवाय लंगडीच चालते. माजघरात आता अडीचशेच्या आसपास भरतात. आणि एवढ्याची आपल्याला गरज काय, असा हिशेब करून मामांनी पुढील महिन्यापासून शंभराचा प्लॅन घेतला आहे.

माझे सांगणे एवढेच की, वेगाचा खर्च वाढविण्याआधी दोष कोणाच्या हद्दीत आहे हे निश्चित करावे, आणि ते बोलून नव्हे, तर लिहून. तारीख, वेळ, जागा, तारेवर की हवेवर, आणि आकडा, असे पाच रकाने एका कागदावर पाडले की पुष्कळदा उत्तर त्या कागदावरच उमटते. तारेवरचा आकडा सातत्याने कमी दिसला, तर तोच कागद तक्रारीचा पुरावा होतो. २०१२ च्या दूरसंचार ग्राहक तक्रार नियमांप्रमाणे कंपनीने तक्रारीला क्रमांक दिलाच पाहिजे, आणि निवारण मान्य नसेल, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत शुल्काविना अपील करता येते. फोनवर संतापणाऱ्या ग्राहकाला राउटर बंद करून पुन्हा चालू करा, असे सांगून वाटेला लावणे सोपे असते. तक्रार क्रमांक आणि रकानेवार आकडे पुढे ठेवणाऱ्याला तसे लावता येत नाही. आणि तारेवरचा आकडा पुरा भरत असेल, तर तक्रारीचा अर्ज मिटून ठेवावा, आणि लॅन केबल, शिडी व एखादा होतकरू वायरमन यांची जुळवाजुळव करावी.