एकटीनं गाठलेलं पुणं



बारावीचा निकाल लागला की तुमच्या ताई-दादांची कॉलेज बघायची धावपळ सुरू होते ना? २००८ साली मीही अशीच निघाले. सातारा ते पुणे, सुमारे ११० किलोमीटर, आणि एकटी! अण्णांची पेरणी चालू होती. "आधी बघून ये, मग फॉर्मवर कॉलेजचं नाव लिही," एवढंच ते म्हणाले.

स्वारगेटहून शिवाजीनगरला आता मेट्रोनं जाता येतं. तेव्हा बसच. बावळट दिसू नये म्हणून कुणाला न विचारताच एका बसमध्ये चढले. थोड्या वेळानं बघते तर काय, मघाशी एसटीतून पाहिलेलीच दुकानं! बस उलटी, कात्रजला निघाली होती. माझे डोळे भरून आले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "रडतेस काय गं? उतर, रस्ता ओलांड, समोरच्या स्टॉपवरून बस धर."

कॉलेजात पोचले तर ऑफिसला जेवणाची सुट्टी. (तुमच्या ताईला सांगा, सकाळीच पोच!) मग वसतिगृहातल्या एका मुलीला गाठलं. आता कसली लाज? खोलीत किती जणी, पाणी कधी येतं, मेसचे पैसे किती, सगळं विचारून वहीत लिहिलं. माहितीपत्रकात यातलं काहीच नव्हतं. मेसचा आकडा ऐकून मात्र पोटात गोळा आला.

रात्री अण्णांनी वही वाचली. मेसच्या आकड्यापाशी बराच वेळ थांबले.

"बघू, जमवू," म्हणाले. मग खाली खर्चाच्या हिशेबावर बोट ठेवून विचारलं, "जातानाच बसची दोन तिकिटं कशी गं?"