दोन चमचे औषध

मिठबावात थंडी पडते, यावर पुण्याच्या माणसाचा विश्वास बसत नाही. समुद्राकाठच्या गावाला कसली आली थंडी, असे त्याला वाटते. पण संक्रांतीच्या आगेमागे आठ-दहा दिवस असे येतात की पहाटे डोंगराकडून वारा उतरतो, सड्यावरचे गवत दवाने भिजते आणि गजबादेवीच्या देवळाकडे निघालेली म्हातारी माणसे कानाला मफलर गुंडाळतात. आंबेवाले या थंडीकडे डोळे लावून बसलेले असतात, कारण हापूसचा मोहोर थंडीवरच येतो. बाकीच्यांना तेवढ्यापुरती काहीतरी गरम पिण्याची हौस सुचते.

गेल्या जानेवारीत माझा भाचा चार दिवस आला होता. पहिल्याच रात्री पडवीत शाल पांघरून बसला आणि म्हणाला, "मामा, आज आयरिश कॉफी करू या." मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "कॉफी आहे, जायफळ आहे. आयरिश काय ते तुझं तू बघ."

त्याने मोठ्या उत्साहाने कृती सांगितली. ही कॉफी आयर्लंडमधल्या फॉइन्स या गावची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे अटलांटिक ओलांडणारी पाण्यावर उतरणारी विमाने थांबत. १९४३ च्या सुमारास, खराब हवेमुळे परत फिरलेल्या आणि थंडीने काकडलेल्या प्रवाशांसाठी जो शेरिडन नावाच्या आचाऱ्याने गरम कॉफीत व्हिस्की ओतली, वर साय सोडली, असे सांगतात. १९५२ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्युएना व्हिस्टा कॅफेत पोचली आणि तिथून जगभर गेली. तिथल्या लोकांची मोठी अडचण सायीची होती. साय तरंगेचना, तळाला जाई. खुबी अशी की कॉफीत साखर हवीच. साखरेने कॉफी जड होते, मग हलकी फेटलेली साय चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडली की ती वर राहते.

मी हे सगळे ऐकले आणि मला हसू आले. ही कॉफी मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या चुलीपाशी पाहिली होती. फरक एवढाच की तिला नाव नव्हते.

आमची आजी कोरी कॉफी करी. पाण्यात गूळ, कॉफीची पूड, जायफळाचे दोन-चार वळसे, कधी सुंठ. भांडे चुलीवरून खाली उतरले की फडताळातून एक चपटी बाटली निघे आणि आजोबांच्या पेल्यात त्यातले दोन चमचे पडत. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून, इरले डोक्यावर घेऊन काम केलेल्या गड्यांनाही तेच मिळे. कोकणातली खरी थंडी जुलैतली, हाडापर्यंत भिजवणारी. बाटलीत काजूची फेणी असे. ती गोव्याहून कुणा ना कुणा नातलगाच्या पिशवीतून, चादरीत गुंडाळून येई. आजोबांनी पेला पुन्हा पुढे केला की आजी म्हणे, "दोन चमचे ता औषद. तिसरो चमचो घातलस काय ती दारू." तिसरा चमचा त्या घरात कधी पडलेला मला आठवत नाही.

आता मला कळते की ते औषधही नव्हते. दारूने ऊब येते हा भास आहे. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त कातडीकडे धावते, म्हणून गाल आणि हात तापल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात त्याच वाटेने शरीराची आतली उष्णता बाहेर जाते. कडक थंडीत उघड्यावर राहणाऱ्याला हा भास घातक ठरू शकतो. कॉफीची जोड तर आणखी फसवी. कॉफीने झोप उडते, नशा उतरत नाही. माणूस जागा असतो म्हणून स्वतःला शुद्धीवर समजतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये कॅफीन घातलेली मद्यपेये बनवणाऱ्या चार कंपन्यांना याच कारणावरून ताकीद दिली होती. तेव्हा आजीच्या पेल्यातली ऊब गुळाची, गरम पाण्याची आणि चुलीजवळ बसण्याची असणार. तिचा मोठेपणा औषधात नव्हता, चमच्याने मोजण्यात होता. आणि ते मोजणे सगळ्यांसमोर, लेकीसुनांच्या आणि नातवंडांच्या देखत होत असे.

भाच्याला मी म्हटले, कर तुझी कॉफी. घरात रम होती. मी निवृत्त बँक अधिकारी, कागदपत्रांच्या बाबतीत भित्रा माणूस. मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, असे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात लिहिले आहे. त्या कायद्याचे नाव आता महाराष्ट्राचे झाले तरी हे कलम गेलेले नाही. हजारो माणसे परवान्याशिवाय पितात, मी मात्र परवाना काढून ठेवला आहे. फेणी घरात नाही, कारण गोव्याची बाटली परवानगीवाचून इकडे आणणे हा गुन्हा. दारूबंदीच्या ऐन काळातली आजी कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगारच होती. आमच्यापैकी कुणाला तसे वाटले नाही.

रम फोडताना भाचा सहज म्हणाला, "मामा, ही कशापासून करतात?" मी म्हटले, "उसाच्या मळीपासून." आणि बोलता बोलता थबकलो. आमच्या परसात, पन्नास पावलांवर, काजूची झाडे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्याखाली लाल-पिवळ्या बोंडांचा सडा पडतो. बी काढून घेतली जाते, बोंड तिथेच कुजते. एक किलो बी हवी तर आठ-दहा किलो बोंडे झाडावर यावी लागतात. म्हणजे वजनाने पाहिले तर आपण पीक टाकून देतो आणि बी ठेवून घेतो. आणि कॉफीत घालायला आणतो ती मळीची रम.

हेच झाड तेरेखोलच्या पलीकडे गेले की त्याचे नशीब पालटते. झाड दोन्हीकडे एकच, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले. गोव्यात बोंडे तुडवून रस काढतात, तो आंबवून भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेची हुर्राक, ती पुन्हा रसाबरोबर उकळली की फेणी. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याच्या वारशाचा दर्जा दिला. दोडामार्ग-सावंतवाडीकडची बोंडे टेम्पोत भरून गोव्याच्या भट्ट्यांवर जातात. देवगड तालुक्यातल्या आम्हा लोकांना तर तेही परवडत नाही, कारण बोंड एक-दोन दिवसांत उतरते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९५७ पासून काजूच्या एकाहून एक चांगल्या जाती दिल्या. झाडे सुधारली, बी मोठी झाली. बोंडाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र झाडाखालीच राहिला.

या प्रश्नाचा एक कागद माझ्या सहीचा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. नव्वदच्या दशकात मी जिल्ह्यातल्या एका शाखेत कर्जाचे काम पाहत होतो. एक काजूवाला बागायतदार अर्ज घेऊन आला. त्याला बोंडाचे सरबत करायचे होते आणि परवाना मिळाला तर पुढे फेणीची भट्टी घालायची होती. हिशेब त्याने वहीत पेन्सिलीने मांडून आणला होता आणि तो चांगला होता. मी त्याला दारूच्या धंद्याला बँक कर्ज देत नाही असे ऐकवले. वर गावाच्या नीतीवर चार वाक्ये बोललो. त्याने शांतपणे विचारले, "साहेबानू, साखर कारखान्याक बँकाच कर्ज देतत मां? मगे थंयची मळी खंय जाता?" मी उत्तर दिले नाही. 'परवाना नाही, सबब नामंजूर' असा शेरा मारला. कागदावर मी बरोबर होतो. पण सरबतापुरते कर्ज देता आले असते, परवान्याची वाट कुठून जाते ते दोन पत्रे लिहून विचारता आले असते. मी ते केले नाही, कारण बाटली म्हटल्यावर मलाही फडताळच आठवले. पुढे त्याने काजू बागायत विकली आणि मुलाकडे मुंबईला गेला.

इथे वाचक, आणि विशेषतः वाचक भगिनी, मला थांबवतील. गावोगाव दारूने संसार धुळीला मिळालेले दिसत असताना हा गृहस्थ आणखी एका दारूची वकिली करतो आहे काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. २००८ च्या सरकारी आदेशानंतर गावातल्या बायकांना मतदानाने दारूचे दुकान बंद करता येऊ लागले आणि अनेक ठिकाणी त्यांनी बाटली आडवी केली. त्या मतामागे काय भोगलेले असते, ते मी बँकेच्या काउंटरवरून पाहिले आहे. पगाराच्या दिवशी नवऱ्याच्या आधी पोचून पैसे काढायला आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. दुकान नको असे म्हणण्याचा त्यांचा हक्क कुणीही काढून घेऊ नये.

पण बंदीने दारू जात नाही, ती अंधारात जाते, हेही तितकेच खरे आहे. अंधारात तिला माप राहत नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. गरीब, हातावर पोट असलेली माणसे. त्यांच्या पेल्यात काय आहे ते मोजणारे कुणी नव्हते. चोरून गाळलेल्या दारूवर तपासणी नाही, लेबल नाही, कर नाही आणि बोंड विकणाऱ्याला धड भावही नाही.

द्राक्षांसाठी महाराष्ट्राने २००१ मध्ये स्वतंत्र धोरण आखले आणि नाशिकची वाइन मानाने पाहुण्यांपुढे येऊ लागली. काजूच्या बोंडांपासून आणि मोहाच्या फुलांपासून होणाऱ्या मद्याकडे सरकारचे लक्ष २०२२ साली गेले, आणि मंत्रिमंडळाने त्याला 'विदेशी मद्या'चा दर्जा द्यायचे ठरवले. आमच्या परसातले बोंड विदेशी झाल्याशिवाय प्रतिष्ठित होत नाही, यात सगळे आले. तरीही ते पाऊल योग्य दिशेने आहे. आता हवे ते एवढेच: बागायतदारांच्या सहकारी संस्थांना लहान, तपासणीखालच्या भट्ट्यांचे परवाने आवाक्यातल्या शुल्कात मिळावेत आणि त्यांच्या अर्जावर माझ्यासारख्या कुणी न वाचता शेरा मारू नये. सगळ्या बोंडांची फेणी व्हावी असेही नाही. सरबत होते, गुरांना खाद्य होते. पण कुजवण्याला नीती म्हणू नये.

त्या रात्री भाच्याची कॉफी झाली. कृती देतो, ज्यांना चालते त्यांच्यासाठी. एका पेल्याला कोरी कडक कॉफी, त्यात चमचाभर गूळ आणि किसलेले जायफळ. भांडे आचेवरून उतरवल्यावरच मद्य घालावे, कारण ते पाण्याच्या आधी, ७८ अंशांवर उकळते आणि चुलीवर निम्मे उडून जाते. साय नसेल तर नारळाचा पहिला दाट रस चमच्याच्या पाठीवरून सोडावा. ज्यांना गाडी चालवायची आहे, जे औषधे घेतात, ज्यांचे वय लहान आहे, त्यांनी मद्य गाळून बाकी सगळे घ्यावे. मामीने तसेच घेतले आणि आमच्यापेक्षा चवीने प्याली.

भाच्याने बाटली तिरकी केली तेव्हा मी त्याच्या हातात चमचा दिला. तो हसला, पण त्याने मोजले. दोन झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले. मी बाटलीला बूच लावले आणि ती फडताळात न ठेवता टेबलावरच, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.